माशाआधी माशाचं जेवण : इंदूरच्या घरात पहिली टाकी लावताना

घरात मासे ठेवायचं ठरलं की बहुतेक जण एकाच रविवारी सगळं उरकतात. सकाळी टाकी, दुपारी वाळू आणि झाडं, संध्याकाळी पिशवीत दहा-बारा मासे. बुधवारी पहिला मासा उलटा तरंगतो, महिन्याभरात टाकी माळ्यावर जाते. मुलं हिरमुसतात, मोठी माणसं म्हणतात, "आपल्याला नाही जमायचं हे." जमतं हो. फक्त क्रम उलटा करावा लागतो. मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते की आधी महिनाभर माशाचं जेवण वाढवा, मासा नंतर आणा.

जेवण म्हणजे मोइना, पाण्यात पोहणारा एक इवला कवचवाला जीव. डॅफ्निया म्हणजे पाणपिसू, तिची ही धाकटी बहीण, खसखशीच्या दाण्याएवढी, साध्या गोड्या पाण्यात वाढणारी. डॅफ्नियापेक्षा हिला उकाडा जास्त सोसतो, म्हणून आपल्या माळव्यात हीच बरी. आणि हिच्यापासून सुरुवात करायचं खरं कारण वेगळंच आहे. पाण्यात थोडंसं क्लोरीन राहिलं, साबणाचा हात लागला, खायला जास्त पडलं, तर मोइना काही तासांत तळाला जाते. तुमचं पाणी आणि तुमचा हात दोन्ही कसे आहेत, ते ती माशाच्या खूप आधी सांगते. महिनाभर तिची बरणी नांदती ठेवता आली, तर मासे ठेवणं तुम्हाला अवघड जाणार नाही.

वेळापत्रक मी सणांवर बांधते, लक्षात राहतं. गणपती उठले की मोइना, दसऱ्याला टाकी, तुळशीच्या लग्नाला मासे. त्या दिवसांत इंदूरची हवा पाण्यातल्या जीवांना सगळ्यांत मानवते. होळीनंतर सुरू करणार असाल तर जरा घाई करा, कारण एप्रिल-मे नवख्या माणसाची परीक्षा पाहतात.

पाणी

आपल्या घरी दोन प्रकारचं पाणी असतं. एक नर्मदेचं, जे १९७८ पासून नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंप होऊन घाट चढून येतं, आणि दुसरं बोअरिंगचं. नर्मदेचं पाणी माशांना चांगलं, पण त्यात क्लोरीन असतं. बोअरिंगच्या पाण्यात सहसा क्लोरीन नसतं, पण ते जड असतं. बादलीला पांढरा थर धरतो, डाळ लवकर शिजत नाही, त्यावरून कळतंच. जड पाणी वाईट नव्हे. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना ते उलट आवडतं. मात्र एकदा एक पाणी ठरवलं की तेच ठेवा. आज नर्मदा आणि उद्या बोअर असं केलं तर माशाला रोज गाव बदलल्यासारखं होतं.

नळ बहुतेक भागांत एक दिवसाआड येतो. ज्या दिवशी येईल त्या दिवशी दोन रुंद तोंडाच्या बादल्या भरून २४ तास उघड्या ठेवा, क्लोरीन उडून जातं. मध्ये एकदा लोट्याने वरून ओतून हलवलं तर आणखी चांगलं. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, १०० लिटरला साधारण १ ग्रॅम पुरतात. दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून मिळणाऱ्या बाटलीत बहुधा तेच असतं. आरओचं पाणी एकटं वापरू नका, त्यात क्षार उरतच नाहीत.

एक गोष्ट जपा. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी थेट घेऊ नका. त्या वेळी ते आंघोळीच्या पाण्याइतकं गरम असतं. माझे पाच गप्पी एका दुपारी असेच गेले. पाणी बादलीत होतं, हातही घातला होता, पण कढत नाही एवढंच पाहिलं. माशांच्या टाकीतल्या पाण्याशी ताडून पाहिलं नाही. तेव्हापासून दोन रुपयांच्या नाण्याएवढा तबकडीचा थर्मामीटर माझ्या बादलीला कायम चिकटलेला असतो.

मोइनाची बरणी

दहा ते वीस लिटरचा पांढरा टप किंवा काचेची रुंद बरणी घ्या. साबणाने धुऊ नका, मीठ लावून घासा. क्लोरीन गेलेलं पाणी भरा, गॅलरीत अर्ध्या सावलीत ठेवा आणि वर मच्छरदाणीचं कापड बांधा. कापड विसरलात तर आठवड्याभरात तुम्ही मोइनाऐवजी डासच पाळाल. विरजण, म्हणजे सुरुवातीची चमचाभर मोइना, आधीपासून मासे ठेवणाऱ्या कुणाकडून मागून आणा. देणारा आनंदाने देतो, कारण त्याच्याकडे ती नेहमी जास्तच असते.

खायला हिरवं पाणी सगळ्यांत उत्तम. पारदर्शक बाटलीत ओळखीच्या कुणाच्या माशांच्या टाकीतलं जुनं पाणी भरून आठ-दहा दिवस उन्हात ठेवा, पाणी मेंदीच्या पाल्याच्या रंगाचं होईल. आमच्या शेजारची मुलगी पहिल्यांदा घाबरून आली होती.

"काकू, पाणी हिरवंगार झालं. ओतून देऊ?"

"अगं, ओतू नकोस! यासाठीच तर आठ दिवस थांबलो आपण."

हिरवं पाणी नसेल तर बेकरीचं यीस्ट चिमूटभर कपभर कोमट पाण्यात विरघळवा. त्यातले काही थेंब टाका, पाणी जेमतेम धूसर होईल इतके. दुसऱ्या दिवशी पाणी परत निवळलं तरच पुढचा घास. निवळलं नसेल तर थांबा. निम्म्याहून जास्त बरण्या मरतात त्या उपासाने नव्हे, जास्त खाऊ घातल्याने.

आता ती बघायची कशी, ते सांगते. सकाळी ऊन तिरपं असताना बरणी डोळ्यांच्या उंचीला धरा. तांबूस ठिपके झटका देत वर चढतात, क्षणभर अधांतरी थांबतात, जरा खाली घसरतात आणि पुन्हा झटका. साधं भिंग लावलं तर पोटातून जाणारी हिरवी रेघ दिसते, ती खाल्लेल्या शेवाळाची. पाठीशी पोकळीत गोल अंडी किंवा पिल्लं दिसतात. चांगल्या दिवसांत सगळ्या माद्याच असतात, नराशिवायच पिल्लं देतात. म्हणून चमचाभराची पंधरा दिवसांत बरणीभर होते. गर्दी झाली किंवा खायला कमी पडलं की नर दिसू लागतात आणि कठीण कवचाची अंडी पडतात. ती सुकूनही टिकतात. टप वाळला तरी तळातला गाळ फेकू नका, पुन्हा पाणी घातल्यावर त्यातून जीव उठतो.

रंगही वाचता यायला हवा. मोइना गडद तांबडी दिसू लागली तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. प्राणवायू कमी पडला की ती अंगात हिमोग्लोबिन वाढवते, त्याचा तो रंग. अशा वेळी पाव भाग पाणी बदला आणि खाणं दोन दिवस थांबवा. एअर पंप लावायचाच असेल तर मोठे बुडबुडे संथपणे सोडा. बारीक बुडबुडे तिच्या कवचात अडकतात आणि ती तरंगून मरते.

बरणी भरली की रोज किंवा एक दिवसाआड चौथा हिस्सा काढत राहा. काढलं नाही तर ती एके रात्री सगळीच मरून तळाला बसते. रात्री एका कोपऱ्याला टॉर्च धरा, दोन-तीन मिनिटांत तिथे ढग जमतो, जुन्या ओढणीच्या तुकड्यातून गाळून घ्या. आणि बरण्या नेहमी दोन ठेवा, वेगवेगळ्या जागी. माझी एक बरणी बैठकीत होती. घरी आलेल्या पाहुण्यांसाठी रात्री डासांचं लिक्विड मशीन लावलं, सकाळी बरणीचा तळ करडा झाला होता, एकही ठिपका हलत नव्हता. डासांच्या औषधातली द्रव्यं माणसाला सोसतात, पण मासे आणि मोइना दोघांनाही ती विष आहेत. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, त्यामुळे टाकी असलेल्या खोलीत मशीन, कॉइल, स्प्रे काहीच लावू नका. गल्लीत धुराचं मशीन फिरायला आलं तर खिडक्या लावा, अर्धा तास पंप बंद ठेवा. आमच्याकडे दुसरी बरणी मागच्या गॅलरीत होती म्हणून सगळं वाचलं.

टाकी आणि तिचं पिकणं

गोल काचेचा बाउल घेऊ नका. पहिली टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी घ्या. त्यात साधारण पंचावन्न लिटर मावतं, वाळू-दगड धरून प्रत्यक्ष पाणी पंचेचाळीसच्या आसपास. सगळं मिळून वजन सत्तर किलोच्या पुढे जातं, म्हणून टीव्हीच्या शोकेसवर नको. भक्कम टेबल, खाली थर्माकोलची शीट, आणि थेट ऊन येत नाही अशी भिंत.

तळाला रंगीत खडी नको, नदीची जाड वाळू किंवा बारीक काळी खडी घाला. ओंकारेश्वर-महेश्वरहून आणलेले गुळगुळीत गोटे पुष्कळ घरांत असतात, ते सुंदर दिसतात. आधी त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहा. फसफसलं तर त्यात चुना आहे, पाणी आणखी जड करेल. काही झालं नाही तर धुऊन बिनधास्त वापरा.

फिल्टर साधा स्पंजचा, एअर पंपावर चालणारा. स्वस्त, पिल्लांना ओढून घेत नाही, आणि पंप इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावता येतो. उन्हाळ्यात लाइट गेली की याच कारणाने मासे वाचतात.

पाणी भरून फिल्टर सुरू केल्यावर महिना ते दीड महिना टाकीत मासा नको. इथेच लोकांचा धीर सुटतो. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. स्पंजमध्ये आणि वाळूत हळूहळू जिवाणू वाढतात. एका जातीचे अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं आणि झाडं खातात. ही मंडळी जमायला वेळ लागतो. त्यांच्यासाठी रोज माशांच्या दाण्यांची चिमूट रिकाम्या टाकीत टाका, ती कुजून अमोनिया देईल. ओळखीच्या माणसाच्या निरोगी टाकीतला स्पंज आपल्या टाकीत पिळला तर काम लवकर होतं. पिळल्यावरचं ते तपकिरी पाणी म्हणजे जिवाणूंचं विरजणच. थेंबांचं टेस्ट किट घ्याच. आधी अमोनिया चढेल, तो उतरताना नायट्राइट चढेल. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी पिकली. पुढे नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली ठेवायचं.

झाडं

झाडं पहिल्या दिवसापासून लावा. नवख्याने वॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट, जावा मॉस आणि अनुबियास यांच्याबाहेर जाऊ नये. वॅलिस्नेरियाला आपलं जड पाणी मानवतं, एकदा रुजली की वाळूखालून धावती खोडं सोडून टाकीभर पसरते. अनुबियासचं आडवं खोड वाळूत पुरू नका, कुजतं. दोऱ्याने दगडाला बांधा. दिवा रोज सात-आठ तास, जास्त नको, नाहीतर काचेवर शेवाळ.

तलावातून उपटून झाडं आणू नका. दुकानातून आणलेलीही पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून स्वच्छ धुऊन घ्या, म्हणजे गोगलगायी आणि जळवा बऱ्याच कमी होतात.

मासे

दोन फुटी टाकीत सहा नर गप्पी, किंवा आठ झेब्रा डॅनिओ, किंवा एकटा फायटर. यातलं एकच निवडा. झेब्रा डॅनिओ आपल्याच उपखंडातला, काटक, थंडीतही तग धरणारा, म्हणून माझी पहिली पसंती तोच. गप्पी नर-मादी आणलेत तर दर महिन्याला पिल्लं होतात, त्यांचं काय करणार हे आधी ठरवा.

गोल्डफिश सगळ्यांना आवडतो, पण तो वीतभर वाढतो आणि घाणही तितकीच करतो. त्याला चौपट मोठी टाकी लागते. "हा टाकी साफ करतो" म्हणून गळ्यात मारला जाणारा काळा सकर मासा तर फूटभर होतो. त्याला साफ करायला आणायचं आणि मग त्याचीच घाण उपसत बसायचं, असं घडलेलं मी चार घरांत पाहिलंय.

आणायच्या दिवशी बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगवा. मग दर पाच मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत घाला, तीन-चार वेळा. शेवटी मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी बाहेर ओता. पहिल्यांदा तीनच मासे आणा, पंधरा दिवसांनी बाकीचे. पहिला दिवस उपास. दुसऱ्या दिवशी चमचाभर मोइना घाला आणि खुर्ची ओढून बसा. मासा आधी नुसता बघतो, डोळे फिरवतो, मग एक ठिपका झटका मारतो आणि त्याच क्षणी तो झडप घालतो. दुकानातून आणलेला घाबरलेला, कोपऱ्यात दडलेला मासा जिवंत अन्नाला मात्र हटकून बाहेर येतो.

दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, क्लोरीनने सगळे जिवाणू जातील. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा.

मे आणि जानेवारी

मे महिन्यात खोलीतल्या टाकीचं पाणी ३२ अंशांच्या वर जाऊ शकतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, मासे वर येऊन तोंडं उघडतात. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाका आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका टेबलफॅन लावा. माळव्यातली मे महिन्याची हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवन भरपूर होऊन पाणी दोन-तीन अंश उतरतं. जुलैत हीच युक्ती फारशी चालत नाही, हवेतच ओल असते, पण तेव्हा गरजही कमी असते. उडालेल्या पाण्याची भर रोज घाला. बर्फाचे तुकडे टाकू नका, एकदम फरक पडतो.

जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. लिटरला एक वॉट या हिशेबाने ५० वॉटचा हीटर पुरतो, २५ अंशांवर ठेवा. पाणी बदलताना आधी हीटर बंद करा आणि पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर काच तडकते. वायरला सॉकेटच्या खाली एक झोल ठेवा म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही.

रंगपंचमीला टाकीवर चादर टाका. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्यावर असली तरी गुलाल गल्लोगल्ली उडतो.

आणखी थोडं जेवण

गप्पीची पिल्लं मोइनाची बारकी पोरं खातात. त्याहून इवल्या तोंडांसाठी मायक्रोवर्म करा. शिजवून गार केलेली ओट्सची घट्ट पेज डबीत पसरा, वर चिमूट यीस्ट आणि विरजण. चार-पाच दिवसांत किडे डबीच्या भिंतींवर चढतात, बोटाने पुसून टाकीत बुडवायचे. उन्हाळ्यात ही डबी लवकर आंबते, पंधरा दिवसांनी नवी लावा.

आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातली कोळंबीची चुलत बहीण. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम खडे मीठ, पाव चमचा अंडी, तळापर्यंत हवेची नळी, वर दिवा. २८ अंशांच्या आसपास २४ ते ३६ तासांत केशरी पिल्लं फुटतात. हवा बंद करा, दहा मिनिटांत कवचं वर जातात, पिल्लं खाली बसतात. खालून नळीने ओढा, कापडातून गाळून गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच घाला. त्यांच्या पोटातलं बलक काही तासांतच संपतं, मग त्यात कस राहत नाही.

ट्युबिफेक्स किड्यांचे लाल गोळे दुकानात मिळतात, मी ते घेत नाही, कारण ते गटारांच्या गाळात वाढतात. डासांच्या अळ्या माशांना अतिशय प्रिय, पण एडिस डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडू लागतो, आणि डेंग्यू त्याच्यामुळेच पसरतो. कुंडीखालच्या ताटलीत अळ्या दिसल्या तर त्याच क्षणी गाळून माशांना घाला. मुद्दाम वाढवू मात्र नका.

बेडूक

पावसाळ्यात मुलं डबक्यातून बेडूकमासे आणतात. दोन दिवस बघू द्या, मग त्याच डबक्यात सोडायला लावा. आपला मोठा पिवळा-हिरवा बेडूक वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याला घरात कोंडायचा विचार नको.

दुकानात मिळणारा आफ्रिकन बटू बेडूक तीन-चार सेंटिमीटरचा, आयुष्यभर पाण्यात राहणारा. ठेवायचाच असेल तर हाच. घेताना पुढचे पाय बघा. चारही पायांना पडदे असतील तर बटू. पुढची बोटं मोकळी असतील तर तो नखवाला मोठा बेडूक, तो माशांना गिळतो. बटू बेडूक फुप्फुसाने श्वास घेतो, दर थोड्या वेळाने वर येतो, म्हणून पाणी फार खोल नको आणि झाकण घट्ट हवं. त्याची नजर अधू असते. मासे अन्न संपवतात तोवर हा शोधतच असतो. ड्रॉपरने त्याच्या तोंडासमोर जेवण सोडा.

अ‍ॅक्सोलॉटलचे व्हिडिओ पाहून हल्ली पुष्कळ जण विचारतात. तो मेक्सिकोच्या थंड पाण्यातला, त्याला १६ ते १८ अंश लागतात. इंदूरात चिलरशिवाय ते शक्य नाही. शिवाय २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर व्यापारावर बंधनं असलेल्या अशा आंतरराष्ट्रीय (CITES) यादीतल्या प्राण्यांची वनखात्याकडे नोंदणी करावी लागते. त्याचा नाद सोडा.

मासे जास्त झाले, टाकी आवरायची वेळ आली, तर सिरपूरच्या किंवा पिपल्यापाळ्याच्या तलावात सोडायला जाऊ नका. सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव २०२२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत. तिथल्या माशांत आणि पक्ष्यांत आपला गप्पी किंवा सकर घुसला की त्याला परत काढता येत नाही. दुकानदार परत घेतो, नाहीतर टाकी असलेलं एखादं घर शोधा. आणि देताना माशांबरोबर मोइनाची एक बाटलीही द्या.